वर्गातलं वर्तन आणि शिक्षकांचं प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारझोड न करता वर्ग कसा चालवायचा, म्हणजे सकारात्मक वर्गव्यवस्थापन, याचं प्रशिक्षण आम्ही शिक्षकांना देतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले शिक्षक, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख (शाळांच्या गटावर देखरेख करणारे) आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. पहिले काही प्रश्न नव्यांसाठी आहेत. ज्यांचं प्रशिक्षण झालंय त्यांनी थेट प्रश्न ११ पासून वाचलं तरी चालेल.

१. सकारात्मक वर्गव्यवस्थापन म्हणजे पोरांना काहीच बोलायचं नाही, असंच ना?

असं नाही. बोलायचं, अडवायचं, सांडलेलं पाणी पुसायलाही लावायचं. पण वर्तन हीसुद्धा शिकवायची गोष्ट आहे, हे धरून चालायचं. बेरजेत हातचा विसरणाऱ्याला आपण पुन्हा हातचा शिकवतो. रांगेत ढकलणाऱ्याला मात्र रांग कशी लावायची हे एकदाही न शिकवता त्याच्यावर खेकसतो.

जेकब कौनिन या अमेरिकी अभ्यासकाने वर्गांचं चित्रण करून शिक्षकांची तुलना केली. १९७० साली त्याने मांडलेले निष्कर्ष आजही प्रशिक्षणात सांगावे लागतात. गडबड झाल्यानंतर शिक्षक काय करतात, यावरून चांगला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग ओळखता येत नव्हता. फरक होता तो गडबड होण्याआधी शिक्षक काय करतात यात: सगळ्या वर्गावर नजर असणं, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना खोळंबा न होणं, प्रत्येकाच्या हाताला काहीतरी असणं. आमच्या प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ या 'आधी'वरच जातो.

२. छडी बंद आहे हे माहीत आहे. पण उठाबशा, कोंबडा, कान धरून उभं करणं चालतं का?

चालत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. ते मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. उठाबशा ही शारीरिक शिक्षाच. 'मठ्ठ', 'ढोर' म्हणणं, घरच्या धंद्यावरून किंवा जातीवरून टोमणा मारणं हा मानसिक छळ. जळगावच्या एप्रिलमधल्या उन्हात मैदानावर उभं करणं ही तर तब्येतीशी खेळण्याची गोष्ट आहे.

'दाखला घेऊन जा' ही धमकीही देऊ नये. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. आणि नववी-दहावीला मोकळीक आहे असं समजू नका: बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलासाठी आहे. ज्याच्या देखरेखीखाली मूल आहे, त्याने केलेल्या क्रूरतेला ते लागू होतं.

३. धाकाशिवाय शिस्त नाही, ही आपल्याकडची परंपराच नाही का?

आपल्याकडच्या परंपरेत अमळनेरही येतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत होते. मुलांनी अस्ताव्यस्त टाकलेल्या खोल्या ते स्वतः आवरून ठेवत, ही गोष्ट खान्देशातल्या जुन्या शिक्षकांना सांगावी लागत नाही. प्रत्येकाने साने गुरुजी व्हावं अशी आमची अपेक्षा नाही. पटावरच्या माहितीचं ऑनलाईन काम उरकताना ते शक्यही नाही. पण मारणं हीच एकमेव परंपरा होती, असं म्हणू नये.

४. प्रशिक्षणात नेमकं होतं काय? पुन्हा दिवसभर खुर्चीत बसून पडद्याकडेच बघायचं का?

फक्त ऐकून वर्गात काही उतरत नाही, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात शिक्षक प्रशिक्षणावर जे काम केलं त्यातूनही हेच आलं: माहिती, प्रात्यक्षिक, सराव, प्रतिसाद आणि शेवटी प्रत्यक्ष वर्गात कोणाची तरी सोबत. यातला शेवटचा टप्पा गळला की बाकीचं बहुतेक वाहून जातं. नेमका तोच टप्पा आपल्याकडे गळतो, कारण त्याला सभागृह लागत नाही आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही.

म्हणून आमचा क्रम असा. येताना प्रत्येकाने आपल्या दिवसातली सगळ्यात अवघड पाच मिनिटं लिहून आणायची. 'मुलं ऐकत नाहीत' असं मोघम लिहिलेलं आम्ही परत करतो. 'मधल्या सुट्टीनंतर वर्ग बसायला पंधरा मिनिटं जातात' हे चालतं. मग सहा-सात सहकारी वर्ग होतात. एकाच्या हातात चिठ्ठी: 'पेन्सिल हरवली म्हणून रडायचं.' दुसऱ्याला: 'दर मिनिटाला पाणी प्यायला जाऊ का विचारायचं.' तिसऱ्याला: 'शेजाऱ्याची वही ओढायची, पण सर बघतील तेव्हा हात मागे.' समोर उभ्या शिक्षकाने तीच पाच मिनिटं चालवून दाखवायची. (चाळिशी उलटलेले शिक्षक खोडकर पोराचं काम इतकं जीव ओतून करतात की कधी कधी थांबवावं लागतं.) मग बाकीच्यांनी काय पाहिलं ते सांगायचं आणि लगेच तीच पाच मिनिटं दुसऱ्यांदा. दुसरी फेरी हेच खरं प्रशिक्षण.

त्यानंतरच्या आठवड्यांत शेजारच्या शाळेतला सहकारी वर्गात मागे बसतो. त्याच्याकडे गुणपत्रक नसतं, फक्त कागदावर दोन रकाने: चांगल्या वागण्याची दखल किती वेळा, टोकणं किती वेळा. तास संपल्यावर चहाआधी दोघांचं बोलणं. तो कागद शिक्षकाकडेच राहतो, कार्यालयात जात नाही. तो कार्यालयात जायला लागला की दोन्ही रकाने छान भरायला लागतात आणि उपयोग संपतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. त्यातले थोडे तास अशा सोबतीला मिळाले तर वर्गात काही उतरेल.

५. वर्गाचे नियम किती असावेत?

तीन ते पाच. पोरांशी बोलून ठरवलेले, आणि काय करू नये याऐवजी काय करावं हे सांगणारे: 'पळू नका'च्या जागी 'व्हरांड्यात चालत जा'. भिंतीवरचा पंधरा नियमांचा रंगीत तक्ता भेटीला येणाऱ्या साहेबांसाठी असतो, पोरं तो वाचत नाहीत.

६. जूनमध्ये शाळा उघडली की सुरुवात कुठून करू?

रोज होणाऱ्या एका गोष्टीपासून. आमची शिफारस खिचडीच्या रांगेची, कारण दिवसातली सर्वांत जास्त ढकलाढकली तिथेच होते.

पहिल्या दिवशी रांगेचे तुकडे पाडा. दप्तर बंद करायचं. ताटली दोन्ही हातांनी छातीशी धरायची (एका हातात धरली की ती पुढच्याच्या पाठीवर वाजते). आपल्या ओळीचं नाव आल्यावर उठायचं. नळावर दोघं-दोघं. हात धुतल्यावर झटकायचे ते नळाखालीच, दुसऱ्याच्या तोंडावर नाही. मग व्हरांड्याच्या कडेने चालत जाऊन भिंतीला पाठ लावून बसायचं. हे आधी तुम्ही ताटली घेऊन करून दाखवा. नंतर दोन मुलांना करायला लावा. मग मुद्दाम चुकीचं करून दाखवा आणि 'काय चुकलं?' विचारा, पोरं खिदळतात, पण चूक अचूक पकडतात. शेवटी अख्ख्या वर्गाचा सराव, रिकाम्या ताटल्यांनी, खिचडी शिजायच्या आत. भुकेल्या पोरांना रांग शिकवायला जाऊ नये.

पहिला आठवडा रोज सराव, पुढे आठवड्यातून एकदा. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून, कारण विसरतातच. हा वेळ वाया जातो असं वाटतं तेव्हा रोजची भांडणं सोडवण्यात किती वेळ जातो तो मोजून पाहा.

७. मी शाब्बास म्हणतेच. तरी फरक का पडत नाही?

'शाब्बास' कशासाठी ते पोराला कळत नाही म्हणून. 'सीमा, घंटा होताच तू वही काढलीस' यात काय केलं ते आहे. बुद्धीची स्तुती टाळा, कृतीची करा: 'हुशार आहेस' ऐवजी 'गणित चुकलं तरी पुसून पुन्हा केलंस'. आणि मोठ्या मुलांना, विशेषतः सातवीच्या पुढे, सगळ्यांसमोर केलेलं कौतुक शिक्षेसारखं वाटू शकतं. बाकाजवळून जाताना हळूच सांगा.

८. चॉकलेट, स्टार, स्टिकर द्यावेत का?

जपून. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर एक प्रयोग केला. आधीच ज्यांना चित्रं काढायला आवडत होती, अशा मुलांना 'चित्र काढलं तर बक्षीस' असं सांगितलं. नंतर बक्षीस नसताना त्यांनी चित्रांकडे आधीपेक्षा कमी लक्ष दिलं. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. तेव्हा जे मूल आपणहून करतंय, त्याला आमिष नको. जे अजिबात होत नाही त्याच्या सुरुवातीला थोडं बक्षीस ठीक, पुढे कमी करत न्या. फुकटची बक्षिसं जास्त टिकतात: गोष्ट कोणती वाचायची ते ठरवणं, परिपाठात सुविचार सांगणं, दहा मिनिटं आधी खेळायला सोडणं.

९. मी कार्यालयात जाते तेव्हा वर्गमंत्री बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. चालेल?

बंद करा. नावं मैत्री आणि वैर बघून लिहिली जातात, आणि ज्याचं नाव कायम असतं त्याला फळ्यावर असण्याची सवय होते. लिहायचंच असेल तर काम पूर्ण केलेल्यांची नावं लिहायला सांगा.

१०. गटागटांत गुणांची चुरस लावली तर?

चालते. याची एक जुनी तपासलेली पद्धत आहे. १९६९ साली अमेरिकेत चौथीच्या वर्गात वर्गाचे दोन संघ करून, नियम मोडला की संघाच्या नावावर खूण, कमी खुणांचा संघ विजयी, असा खेळ लावला आणि जागा सोडणं, मध्येच बोलणं बरंच कमी झालं. दोन्ही संघांनी मर्यादा पाळली तर दोघंही जिंकतात, हा त्यातला महत्त्वाचा भाग. आपल्याकडे तोच विसरला जातो आणि रोज एक संघ हरतो.

खेळ थोडा वेळ, पंधरा-वीस मिनिटंच लावा. संघ करताना पाडा, गल्ली, मुलगे-मुली अशी विभागणी नको. आणि एखादा मुलगा मुद्दाम संघाला बुडवत असेल तर त्याला मारणारे हात संघातलेच निघतात. त्याला एकट्याचा संघ करा आणि प्रश्न १३ पाहा.

११. आमची द्विशिक्षकी शाळा. दोन इयत्ता समोर, दोन मागे. हे सगळं कसं जमायचं?

शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे सातपुड्यातल्या आणि तापीकाठच्या कितीतरी शाळांत ही स्थिती कायमची आहे. बहुवर्गात गडबड जवळजवळ नेहमी एकाच जागी सुरू होते: ज्या इयत्तेकडे तुमची पाठ आहे आणि जिचं काम संपलंय. म्हणून 'काम संपलं की काय' याचं उत्तर भिंतीवर आधीच असावं: वाचन कोपरा, खडूपाटी, खालच्या इयत्तेतल्या एकाला वाचून दाखवणं. तुम्ही एका गटाशी बोलत असताना अडलेल्याने ओरडायचं नाही. दगड, झाकण, काहीही खूण म्हणून बाकावर ठेवायची आणि पुढचं गणित घ्यायचं. याचाही सराव प्रश्न ६ सारखाच.

१२. पोरं घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलतात. सूचना दिली की नुसती बघत राहतात. हा उद्धटपणा समजायचा का?

अजिबात नाही. पहिली-दुसरीत 'ऐकत नाही' म्हणून नोंदलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना सूचना समजलेलीच नसते. 'खाले बठा', 'आठे या' एवढं म्हटलं तरी अहिराणी पोराचा चेहरा उघडतो. तुमची बोली वेगळी असेल तर वर्गात लागणाऱ्या दहा-पंधरा सूचना गावातल्या एखाद्या आईकडून किंवा अंगणवाडीताईंकडून लिहून घ्या आणि बोली व मराठी दोन्हीत सांगा. सोबत हाताची खूण ठेवा, एका वेळी एकच सूचना द्या.

आणि थांबा. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने वर्गांत मोजलं तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प मुलंही बोलू लागली. मनातल्या मनात पावरीतून मराठीत येणाऱ्या मुलाला तर याहून जास्त वेळ लागणारच.

१३. बाकी वर्ग ठीक, पण एकच मुलगा सगळा वर्ग डोक्यावर घेतो. त्याचं काय करू?

आधी एक आठवडा फक्त लिहा. प्रत्येक प्रसंगाच्या तीन गोष्टी: लगेच आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर त्याला काय मिळालं. 'त्रास दिला' असं लिहू नका; 'वही फेकली' लिहा. सतत सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी तुम्ही लिहिताच, पण त्या छापील वाक्यांतून उचलायची सवय लागलेली असते. इथे ते चालणार नाही.

धुळे जिल्ह्यातल्या एका चौथीच्या वर्गात अशा नोंदींतून दिसलं की मुलाची दंगल मराठी वाचनाच्या तासालाच होते, तीही आपली पाळी येण्याच्या जरा आधी. नंतर काय होत होतं? बाई त्याला दाराबाहेर उभं करत. म्हणजे वाचनातून सुटका. शिक्षा हेच त्याचं बक्षीस होतं. उपाय वर्तनाचा नव्हता: त्याला आदल्या दिवशी उद्याच्या दोन ओळी देऊन ठेवल्या, पाळी आली की तेवढ्याच वाचायच्या.

कारणं साधारण दोनच निघतात: काहीतरी टाळायचंय, नाहीतर काहीतरी मिळवायचंय, बहुतेक वेळा लक्ष. लक्षासाठी असेल तर दंगलीकडे दुर्लक्ष आणि शांत असताना भरपूर लक्ष. मात्र दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस दंगल वाढते, हे आधीच समजून ठेवा. बहुतेक शिक्षक तिथेच 'हे आपल्याकडे चालत नाही' म्हणून सोडतात. वाढल्यावर लक्ष दिलं तर मूल एवढंच शिकतं की आणखी जोरात करावं लागतं. ज्यात कोणाला इजा होईल अशा वागण्याकडे दुर्लक्ष कधीच नको (प्रश्न १६).

१४. कापूस वेचणीत पोरं गायब होतात, ऊसतोडीची तर होळीच्या सुमारास परततात. आल्यावर वर्गाची घडी मोडते.

त्यांची घडी मोडलेली नाही, त्यांनी ती पाहिलेलीच नसते. नंदुरबारकडून गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या मुलाने कित्येक महिने लहान भावंड सांभाळलेलं असतं, मोठ्या माणसाची कामं केलेली असतात. त्याला 'बोट वर कर' म्हटलं की राग येतो. आल्यावर पहिला आठवडा त्याला एक जोडीदार द्या जो रीत दाखवेल, आणि एखादी खरी जबाबदारी द्या. 'आलात का फिरून' हा टोमणा सगळ्या शिक्षक-खोल्यांतून हद्दपार व्हायला हवा.

१५. पालकच येऊन म्हणतात, 'गुरुजी, याले चांगला झोडा!' त्यांना काय सांगू?

कायद्याचं कलम सांगू नका, त्याने संवाद बंद होतो. त्यांना पोराची काळजी आहे हे धरून बोला: 'दादा, मारून तो माझ्यासमोर गप्प बसेल, पण वाचायला शिकणार नाही. घरी एक काम करा, रोज संध्याकाळी आज काय वाचलं ते विचारा.' पोरगं समोर असताना तक्रारींचा पाढा नको. आणि वर्षातून एकदा तरी कौतुकासाठी बोलवा. शाळेचा निरोप म्हणजे भांडणच, हे समीकरण त्यातून तुटतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वर्गाचे नियम वाचून दाखवा.

१६. दोन मुलं एकमेकांवर तुटून पडली. मधे पडून हात धरला तर तीही शारीरिक शिक्षा?

इजा टाळण्यापुरतं, लागेल तेवढंच धरणं ही शिक्षा नाही. धोका संपला की हात सोडा. दोघांना वेगळं करा, बघ्यांना हटवा, निवाडा लगेच करू नका. रागात विचारलेल्या 'का मारलं?'ला उत्तर नसतं. दोघं शांत झाल्यावर प्रत्येकाला एकट्याने बोलू द्या, मग नुकसान कसं भरून काढायचं ते त्यांनाच ठरवू द्या. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा, लेखी नोंद करा आणि दोन्ही घरी कळवा. नोंद तुमच्याच संरक्षणाची आहे.

१७. नववीतला मुलगा सगळ्यांसमोर उलट बोलला. तिथे गप्प बसलो तर वर्ग हातातून जाईल ना?

प्रेक्षकांसमोर तो माघार घेऊ शकत नाही, तुम्हीही नाही. आवाज खाली आणा, एक वाक्य बोला ('आत्ता गणित घेऊ, तास संपल्यावर आपण दोघं बोलू') आणि खरंच पुढचं गणित घ्या. मग तास संपल्यावर नक्की बोला. हे बोलणं टाळलं तर मात्र वर्ग हातातून जातो.

१८. मूल अतिचंचल किंवा स्वमग्न असेल असं वाटतं. काय करायचं?

निदान तुम्ही करू नका, पालकांना तो शब्दही सांगू नका. जे दिसतं ते लिहा (प्रश्न १३ ची पद्धत) आणि गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. अतिचंचलता त्या यादीत स्वतंत्रपणे नाही, पण म्हणून मुलाची गरज कमी होत नाही. तोपर्यंत पुढची जागा, छोटी कामं, मधेमधे हालचाल: खडू आणणं, खिडक्या उघडणं.

१९. चांगली बोलकी मुलगी अचानक गप्प झाली, घरी जायला नको म्हणते.

हा वर्गव्यवस्थापनाचा प्रश्न नाही. ऐका, खोदून विचारू नका, 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. आधी शाळेत चौकशी, मग बघू, असं करू नये. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.

२०. आम्ही आश्रमशाळेत आहोत. वर्ग संपला तरी मुलं आमच्याकडेच. वेगळं काय?

वर्गातली पद्धत आणि वसतिगृहातली पद्धत एकच असली पाहिजे, एवढं. दिवसा गोड बोलणारी शाळा आणि रात्री अधीक्षकांची काठी, असं असेल तर काठीच जिंकते. म्हणून आमच्या प्रशिक्षणात अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी आणि कामाठी यांनाही बोलावतो. जेवण, अंथरूण आणि घरी फोन या गोष्टी बक्षीस किंवा शिक्षा म्हणून कधीच वापरायच्या नाहीत. होळीच्या दिवसांत, भोंगऱ्या बाजाराच्या (सातपुड्यातल्या आदिवासींच्या होळीआधीच्या बाजार-उत्सवाच्या) आठवड्यात, मुलांचं मन डोंगरात असतं; त्या आठवड्यात नवा नियम आणू नका.

२१. शाळेत मी एकटाच हे करतो. बाकीचे हसतात.

हसू द्या, पण एक जण शोधा. भाषण देऊन कोणी बदलत नाही. तुमची खिचडीची रांग पाहून बदलतात. सहकाऱ्याने तुमच्यासमोर मुलाला मारलं तर त्याला त्याच वेळी पोरांदेखत बोलू नका, मुलाला 'मला जरा मदत कर' म्हणून तिथून काढा आणि नंतर सहकाऱ्याशी एकट्याने बोला. पुन्हा घडलं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. मुख्याध्यापकच मारत असतील तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा मार्ग आहे.

२२. प्रशिक्षणाचा उपयोग झाला हे केंद्रप्रमुखांनी कसं ओळखायचं?

अभिप्राय फॉर्मवरून ओळखू नका, तिथे सगळेच 'उत्तम' लिहितात. प्रशिक्षणाआधी आणि साधारण दोन महिन्यांनी तीन गोष्टी बघा: मधल्या सुट्टीनंतर पहिलं काम सुरू व्हायला लागणारी मिनिटं, प्रश्न ४ मधल्या कागदावरचे दोन रकाने, आणि कायम गैरहजर राहणाऱ्या मुलांची हजेरी. मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत मोजू नका. उन्हाने सगळेच निम्मे झालेले असतात. ऑगस्ट किंवा जानेवारी बरा.